लाल स्टिकरची पुडी

"लघवी करून या," असं डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मला पहिली शंका तिथेच आली.

त्याआधी माझ्या जेवढ्या सोनोग्राफ्या झाल्या होत्या त्या सगळ्या बरोबर उलट्या हुकमावर झाल्या होत्या. पाणी प्या, अजून प्या, धरून ठेवा. चाकणच्या सेंटरवर आम्ही पाच-सहा जणी बाकावर पाय आवळून, मांडीवर रिकाम्या बाटल्या घेऊन बसायचो आणि आत गेलेली बाई लवकर बाहेर येत नाही म्हणून मनातल्या मनात तिचा उद्धार करायचो. निगडीच्या या हॉस्पिटलात सगळंच वेगळं. लघवीची पिशवी रिकामी हवी, आणि मशीनची दांडी पोटावरून फिरवायची नाही, आतून घालायची. गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजायची होती. ते तोंड आधीच आखूड व्हायला लागलं तर मूल दिवस भरण्याआधी बाहेर येण्याचा धोका वाढतो, असं डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. चित्र म्हणजे उलटा धरलेला पेरू आणि देठाच्या जागी दोन रेघा.

"पोटावरून नाही का मोजता येत?" मी विचारलं.

"येतं. पण त्यावर विसंबता येत नाही."

आजवर सगळ्यांनी पोटावरूनच मोजलं, मग ते सगळे काय झोपा काढत होते का, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेव्हा मी पायांवर हिरवी चादर घेऊन आडवी होते, आणि अशा अवस्थेत माणूस फार भांडत नाही.

मला संशय घ्यायचा पगार मिळतो. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. गाड्यांना लागणारे छोटे लोखंडी बुश लाइनवरून येतात, त्यांची मापं मी तपासते. माप चुकलं की लाल स्टिकर. एखाद्या लॉटबद्दल मनात किंतु असला पण हातात पुरावा नसला, तर त्यातला एक नग प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घालायचा, वर तारीख लिहायची आणि कपाटात ठेवून द्यायचा. उद्या तक्रार आली तर आपल्याकडे नमुना पाहिजे. नऊ वर्षं हे केल्यावर ती सवय गेटवर कार्ड पंच करून मागे ठेवता येत नाही. घरी दुधाची पिशवी आणली तरी मी तारीख बघते, आणि मग त्या तारखेवरची शाई नखाने खरवडून बघते. नवरा म्हणतो, तुझ्याशी लग्न करताना माझंही इन्स्पेक्शन झालं असणार. झालंच होतं.

या दुसऱ्या खेपेच्या दोन वर्षं आधी माझं पहिलं बाळ गेलं होतं. पाच महिने होऊन सहावा लागलेला. सकाळपासून ओटीपोटात जड जड वाटत होतं, म्हटलं गॅस असेल. कंपनीत गेले, आठ तास उभी राहिले, घरी आले. सासूबाईंनी माझं तोंड बघितलं आणि न विचारताच काढा करून हातात दिला. आमचं घर चाकणजवळच्या गावात. अर्धी जमीन कारखान्यांत गेलेली, उरलेल्या अर्धीत अजून कांदा निघतो. सासूबाईंचा सगळा औषधी साठा स्वयंपाकघरातल्या एका पत्र्याच्या डब्यात असायचा. त्या काढ्यात ओवा होता, सुंठ होती आणि कसली तरी मुळी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी माझं पाणी गेलं आणि पुढच्या तासाभरात सगळं संपलं. मुलगी होती.

महिन्याभराने सासूबाई पडवीत शेजारणीला सांगत होत्या ते मी आतून ऐकलं. "आठ-आठ तास उभं ऱ्हायाचं, बसमधी हादरं खायाचं. पोटातलं टिकंल कसं?" मी उठले. स्वयंपाकघरात गेले, पत्र्याच्या डब्यात त्या काढ्याच्या मिश्रणाची उरलेली पुडी होती, त्यातलं मूठभर काढलं, कंपनीच्या पिशवीत भरलं, वर त्या दिवसाची तारीख लिहिली, लाल स्टिकर लावला आणि माझ्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिलं. कधीतरी कुठेतरी तपासून घेईन, असं ठरवलं होतं. कुठे, ते माहीत नव्हतं.

ती पुडी दोन वर्षं तिथेच होती. दरम्यान सासूबाईंनी काढा करणंच सोडून दिलं. नवऱ्याला खोकला झाला तरी म्हणायच्या, "मेडिकलातनं आण काय तरी." हेही मी टिपून ठेवलं. ज्याने मशीनची सेटिंग गुपचूप बदललेली असते तो नंतर त्या मशीनजवळ फिरकत नाही, हे मी लाइनवर पुष्कळदा पाहिलं आहे. सासूबाईंचा गुन्हा माझ्या लेखी शाबीत झाला होता. वरून आमचं सगळं छान चाललं होतं. मी त्यांना आई म्हणत होते, त्या माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवत होत्या, आणि मी ती भाकरी उलटीपालटी करून बघून मग खात होते.

तर असा सगळा साठा मनात घेऊन मी निगडीला नाव घातलं. माझं माहेर निगडीचं, त्यामुळे सासूबाईंनी त्याचा अर्थ त्यांच्या परीने लावला. दर पंधरा दिवसांनी नवरा मित्राची गाडी मागून आणायचा. मला मोटरसायकलवर बसणं बंद झालं होतं. चाकणच्या चौकात कंटेनरांच्या मधे अडकून आम्ही दोघं गप्प बसायचो, कारण बोलायला एकच विषय होता आणि त्याला हात लावायची दोघांनाही भीती वाटत होती. हे बाळ राहावं, एवढंच आम्हाला हवं होतं.

सोळाव्या आठवड्यात आकडा आला चौतीस मिलिमीटर. अठराव्यात एकोणतीस. विसाव्यात तेवीस.

डॉक्टरबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. "पंचविसाच्या खाली गेलंय, आणि तुमचं आधीचं बाळ असं गेलेलं आहे. तोंडाला टाका घालावा असं माझं मत आहे. या आठवड्यातच." टाका म्हणजे पिशवीचं तोंड दोऱ्याने आवळून ठेवायचं आणि नववा महिना सरत आला की दोरा काढून टाकायचा. भूल द्यावी लागते. धोका अगदीच नसतो असं नाही, हेही त्यांनी सांगितलं.

मी ते तीन आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले. आधी पाचाने कमी, मग सहाने. इतकं शिस्तीत उतरणारं माप मला कधी खरं वाटत नाही. आधी दर पंधरवड्याला बोलवून सवय लावायची, मग हळूहळू घाबरवायचं, मग ऑपरेशन गळ्यात घालायचं, असा सगळा डाव मला स्वच्छ दिसायला लागला. बाहेर बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बाईलाही टाकाच सांगितलेला होता. इथे काय टाक्यांचा कारखाना काढलाय का, असं मी गाडीत बसल्या बसल्या नवऱ्याला म्हटलं.

"डॉक्टर सांगतायत तर करून टाकू ना," तो म्हणाला.

"तुझं काय जातंय? तुला कुठे घालायचाय?"

त्याने गाडी चालू केली. त्याच्या कंपनीत तो मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडायच्या आधी बेल्ट बदलणारा माणूस. त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं, पण मला तेव्हा बरोबर माणसाचा राग येत होता.

आमच्याकडे नियम आहे, मापाबद्दल शंका असेल तर दुसऱ्या माणसाने दुसऱ्या गेजने पुन्हा मोजायचं. मी तेच करायचं ठरवलं. गावातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली, घरी सांगितलं की कंपनीत काम आहे, आणि रिक्षाने चाकणच्या जुन्या सेंटरवर गेले. मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही, अशा फॉर्मवर सही केली. बाटलीभर पाणी प्याले, बाकावर पाय आवळून बसले. सगळं ओळखीचं होतं, त्यामुळे बरं वाटलं. आतल्या डॉक्टरांनी पोटावरून दांडी फिरवली आणि दहा मिनिटांनी पाकीट हातात मिळालं. तोंडाची लांबी छत्तीस मिलिमीटर. नॉर्मल.

मी बाहेर येऊन उसाचा रस प्याले. दोन ग्लास. तिथूनच निगडीच्या हॉस्पिटलला फोन केला आणि टाक्याचं नंतर बघू म्हणून सांगून टाकलं. निगडीचा डाव मला पकडता आला, याचा इतका आनंद झाला होता की बाळ सुरक्षित असल्याचा आनंद त्याच्या मागून आला.

घरी सासूबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या.

"गुरवारी कुटली कंपनी उघडी आसती गं?" त्या म्हणाल्या.

चाकणच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. घरातल्या दोन माणसांचे डबे इतकी वर्षं त्याच करत होत्या, त्यांना वार विसरून कसं चालेल. नऊ वर्षांची क्वालिटीवाली मी, आणि खोटं बोलताना वार बघितला नाही. पाकीट माझ्या पर्समधून अर्धं बाहेर आलेलं होतं.

"निगडीला जाती न्हवं तू? मंग हितं कशाला गेलीस दडून? पोरगा का पोरगी त्ये बघाया?"

मी तडकले. "बाळ वाचेल का नाही ते बघायला गेले होते. पोरगा-पोरगी कोण बघणार आहे इथे?"

"मंग मला घिऊन जायाची व्हतीस," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. म्हणजे तुम्हाला लक्ष ठेवता आलं असतं, असं मी मनात म्हटलं आणि पाकीट कपाटात ठेवून कुलूप लावलं.

शुक्रवार, शनिवार, रविवार मी मजेत होते. सोमवारी लाइनवर एका लॉटच्या बुशचं भोक माझ्या गेजवर मोठं येत होतं. मी लाल स्टिकर हातात घेतले. तिथले एक जुने ऑपरेटर, निवृत्तीला आलेले, मला लेकीसारखं वागवणारे, खुर्चीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, ह्यो गेज लईच कडक हाय. थांबा जरा." त्यांनी टूलबॉक्समधून फडक्यात गुंडाळलेलं एक जुनं गेज काढलं. तपासणीची तारीख त्यावर होती, आणि ती कधीच उलटून गेली होती. "ह्याच्यावर घ्या. ह्याच्यावर ओके येतंय."

"हे कुठून आलं?"

"आसतंय एक. महिनाअखेरीला लागतंय."

मी त्यांना चांगलं झाडलं. आजपर्यंत हे गेज माल नापास करायला कधी बाहेर काढलंत का, असं विचारलं. दोन गेज दोन मापं दाखवतात तेव्हा कोणतं बिघडलंय ते आधी बघायचं असतं, आपल्याला हवं ते माप दाखवणारं खरं धरायचं नसतं, असं सगळं ऐकवलं. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बराबर हाय, म्याडम. पास करायचं आसंल तवाच काडतो."

ते गेल्यावर मी बसून राहिले. पोटात बाळ हललं. गुरुवारी मी रिक्षात बसून जे करून आले होते, ते आणि हे यात काहीच फरक नव्हता.

अर्धी सुट्टी टाकून घरी आले, कपाट उघडलं आणि पहिल्या खेपेची फाइल काढली. ती फाइल मी दोन वर्षांत उघडली नव्हती. त्याच सेंटरचा रिपोर्ट होता, तोही विसाव्या आठवड्यातला. तोंडाची लांबी छत्तीस मिलिमीटर. नॉर्मल. त्यानंतर दोन आठवड्यांनी ती गेली.

दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या बाळांना, एकच आकडा. लाइनवरच्या शीटमध्ये ओळीने सारखे आकडे दिसले की आम्ही धरूनच चालतो, मोजलेलं नाही, भरलेलं आहे. तिथे खरंच मोजलं होतं की आधीच टाइप केलेलं होतं, हे मला आजही माहीत नाही. मला एवढंच माहीत होतं की याच आकड्यावर विश्वास ठेवून मी एकदा आठ तास उभी राहिले होते, आणि आता पुन्हा चार दिवस वाया घालवले होते. मी नवऱ्याला फोन केला. नीट बोलता येत नव्हतं. तो म्हणाला, "गाडी घेऊन येतो," आणि एकही प्रश्न न विचारता आला.

डॉक्टरबाईंनी दोन्ही रिपोर्ट बाजूबाजूला ठेवून वाचले.

"पाणी पिऊन गेला होतात?"

"हो."

"लघवीची पिशवी भरलेली असली की ती तोंडावर दाब देते. तोंड आहे त्याहून लांब दिसतं. वर पोटावरून बघितलेलं. म्हणून मी रिकामी करून यायला सांगते." त्यांनी ना टोमणा मारला ना रागावल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी लघवी करून आले. या वेळी मी स्क्रीन माझ्याकडे वळवायला सांगितली. त्यांनी तीनदा मोजलं. एकवीस. वीस. एकोणीस. आणि एकोणीस लिहिलं.

"सरासरी का नाही घेतली?" मी विचारलं.

"तिन्ही नीट घेतलेली आहेत. आम्ही त्यातलं सगळ्यात कमी धरतो."

सगळ्यात कमी धरलं की ऑपरेशन विकायला सोपं, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही असं मी म्हणणार नाही. आला. पण त्याच्या मागोमाग दुसरा आला की आमच्या लाइनवर तीनदा मोजतात आणि सगळ्यात बरं असेल ते लिहितात, आणि मी नऊ वर्षं त्यांच्याशी भांडते आहे. ज्या बाईला माल पास करायची घाई नाही, तिच्याशी माझं भांडण असायचं कारण नव्हतं. मी उद्याच टाका घाला म्हणाले.

निघता निघता मी त्यांना काढ्याचंही विचारलं. ओवा, सुंठ, कसली तरी मुळी. एक कपभर. त्या म्हणाल्या, "एक कप काढ्याने पिशवीचं तोंड उघडत नाही. तुम्हाला जड वाटायला लागलं होतं ते सकाळीच ना? मग ते आधीपासूनच सुरू झालेलं होतं. आतून मोजलं असतं तर कदाचित दिसलं असतं. कदाचित नसतंही."

हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. पुडीही तशीच ठेवली. का, ते मला नीट सांगता येत नाही. दोन वर्षं एखाद्यावर राग धरून राहिलं की तो राग सोडल्यावर आपल्या हाती काय उरेल, याची धास्ती वाटते. तो राग गेला असता तर सकाळपासून जड वाटत असताना कंपनीत गेलेली बाई, म्हणजे मीच, एकटी उरले असते.

टाका घातला. मी घरी बसले. सासूबाईंनी माझी खाट खिडकीशी ओढून घेतली, मला उठू दिलं नाही, जेवायला जागेवर दिलं. मी त्यांचे आभार मानत होते आणि वाटीत काय घातलंय ते चमच्याने ढवळून बघत होते. असे दोन महिने गेले.

एकोणतिसाव्या आठवड्यात एके सकाळी पोट आवळायला लागलं. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा. डॉक्टरबाईंना फोन केला तर त्या लगेच या म्हणाल्या. नवरा पहाटेच्या शिफ्टला गेलेला, त्याला निरोप दिला आणि शेजाऱ्यांची गाडी बोलावली. सासूबाईंनी पिशवी भरायला घेतली. "मऊ लुगड्याचं कापड लागंल," म्हणत त्यांनी माझं कपाट उघडलं. मी खाटेवरून बघत होते. साड्या त्यांनी एका हाताने उचलल्या आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाठ होती. मग त्यांनी काहीतरी कमरेला खोचलं, कापड घेतलं आणि कपाट लावून टाकलं. निगडीला पोचेपर्यंत गाडीत खड्डा आला की त्या माझ्या पाठीमागे हात घालायच्या.

टाका धरून होता. तोंडाला हात लावण्याआधी डॉक्टरबाईंनी कापसाच्या काडीने आतलं पाणी पुसून घेतलं आणि सिस्टरकडे दिलं. ते एका औषधात घोळवून त्यात पट्टी बुडवायची. दिवस राहिलेत का बघायची पट्टी असते तशीच. एक रेघ आली तर पुढचे काही दिवस बाळंतपण सुरू व्हायची शक्यता फार कमी. दोन आल्या तर पुढच्या तयारीला लागायचं. दहा मिनिटं थांबा म्हणाल्या आणि सिस्टर पडदा ओढून गेली. पडद्याच्या आत मी आणि सासूबाई.

त्यांनी कमरेची पुडी काढून माझ्या उशाशी ठेवली.

"ही माज्या हातची हाय न्हवं?"

"हो."

"वर तारीख हाय. ती गेली त्या महिन्यातली." त्यांना वाचता येतं, सातवी झालेल्या आहेत. "आन ही लाल चिठ्ठी कसली?"

खोटं बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. "कंपनीत खराब मालाला लावतात."

आता भांडण होणार किंवा रडारड होणार, असं मी धरून चालले होते. त्यांनी पिशवी उघडली, नाकाजवळ नेली, हुंगली आणि पुन्हा बंद केली.

"मलाबी त्येच वाटायचं," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं. आपल्याच हातनं झालं म्हणून. डबा उगडाय गेलं की हात मागं यायचा माजा."

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, "तुम्ही तर शेजारी माझ्या कंपनीचं सांगत होता."

"मंग काय सांगू? माज्या काढ्यानं गेली, आसं सांगू?"

मी रडायला लागले. त्या माझ्या पोटावर हात ठेवून म्हणत होत्या, रडू नगं, पोट आवळंल. मी रडत रडतच त्यांना छत्तीसचं सांगितलं, दोन्ही रिपोर्टांचं सांगितलं, आणि डॉक्टरबाई काढ्याबद्दल काय म्हणाल्या तेही सांगितलं.

"कवा म्हणाल्या?"

"टाक्याच्या आधी."

त्यांनी बोटांवर महिने मोजले नाहीत. तशी गरजही नव्हती. दोन महिने मला माहीत होतं आणि मी त्यांना तसंच राहू दिलं होतं. त्यांनी पुडी उचलून पुन्हा कमरेला खोचली. मी विचारलं, "ती मुळी कसली होती, आई?"

"कंची मुळी? जेष्ठमध हाय त्यो. गोड लागाया घातला व्हता तुला."

सिस्टर पट्टी घेऊन आली. एक रेघ. मी ती तिच्या हातातून मागून घेतली आणि खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहिली, बुशवरचा बारीक ओरखडा बघतात तशी. दुसरी रेघ अगदी पुसटही नव्हती. सासूबाईंनी चष्मा चढवला आणि माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "येकच हाय," त्या म्हणाल्या. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, दोष दिसला नाही म्हणजे दोष नाही असं नसतं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, ही पट्टी फक्त पुढच्या आठवड्याभराचं बोलते, त्यापुढचं पुन्हा बघू. एवढंच बोलणारी चाचणी मला आवडली. दिवसभर ठेवून घेऊन संध्याकाळी घरी सोडलं.

असं आठवड्या-आठवड्याने करत सदतिसावा लागला. टाका काढला आणि पाचव्या दिवशी मुलगी झाली. रडली. इतकी रडली की सिस्टर हसायला लागली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून पत्र्याच्या डब्याच्या झाकणाचा आवाज आला. तो आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. थोड्या वेळाने सासूबाई ओव्याचा काढा घेऊन आल्या. बाळंतिणीला देतात तो. माझ्यासमोर खाटेच्या कडेला बसल्या, आणि मला द्यायच्या आधी त्यांनी त्यातला एक घोट स्वतः घेतला. गिळला. मला दिसेल असा. मग कप पुढे केला.

माझ्या संशयाने मी त्यांना एवढं खाली आणलं असेल, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण मांडीवर पोर होती. मी कप घेतला आणि सगळा प्याले. गोड होता.

"अजून आहे का?" मी विचारलं.

"हाय की," त्या म्हणाल्या आणि आणायला उठल्या.